रस्ता मोठ्याने वाचणाऱ्या ताई

ज्या गॅरेजच्या फाटकावर मी पहारेकरी म्हणून काम करतो, तेथे स्पोर्ट्स कार दुरुस्तीसाठी येतात. दुरुस्त झालेली प्रत्येक गाडी मालकाच्या हवाली करण्यापूर्वी रस्त्यावर चालवून पाहावी लागते. हे काम ज्या बाई करतात, त्यांची व माझी ओळख फाटकावरच झाली. वयाने त्या माझ्या मुलीएवढ्या आहेत. तरी सर्वांप्रमाणे मीही त्यांना ताई म्हणतो.

ताई गाडी चालवताना समोर जे दिसेल ते मोठ्याने बोलतात. "पुढे ओलं. उजवीकडे सायकल. पांढरा पट्टा, निसरडा." तोंड बोलत असले की डोळ्यांना डुलकी घेता येत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. मेकॅनिक मंडळी त्यांना पाठीमागे 'कॉमेंट्री' म्हणतात, आणि तोंडावरही म्हणतात.

"काय कॉमेंट्री, आज स्कोअर किती?" असे एकाने विचारले, तेव्हा ताई म्हणाल्या, "एकही विकेट नाही. तू बसवलेलं बॉनेट तेवढं टाळ्या वाजवत होतं."

या गाड्यांविषयी मला जे समजले, ते येथे लिहितो. त्या जमिनीला लागून चालतात आणि पुष्कळदा इंजिनाची सारी ताकद मागच्या चाकांवर असते. रस्ता कोरडा असला की ती चाके त्याला घट्ट धरून ठेवतात. ओल्या रस्त्यावर मात्र ॲक्सिलरेटरवर पाय जरा जोरात पडला, तरी गाडीचा मागचा भाग बाजूला सरकतो. म्हणून अशा रस्त्यावर ताईंचा पाय झोपलेल्या बाळाशेजारून चालावे तसा पडतो.

ताईंना एक धाकटा भाऊ आहे. काम वाढल्यामुळे मालकांना आणखी एक चालक हवा होता. भावाने टायरच्या दुकानातील नोकरी सोडली आणि तो ताईंच्या हाताखाली शिकू लागला. त्याचे लग्न ठरले होते. मुलीकडच्यांना त्याने ही नोकरी मिळाल्यातच जमा आहे असे सांगून टाकले होते. मालकांनी निर्णय ताईंवर सोपवला. "तुम्ही हो म्हणालात, की तो कामावर," असे ते म्हणाले.

परीक्षेच्या दिवशी सकाळी रिमझिम होऊन गेली होती. जी गाडी चालवून पाहायची होती, तिला मागे नावापुरती एक जागा होती. माझी पाळी संपली होती आणि आमचा प्रौढांचा लिहिण्या-वाचण्याचा वर्ग त्याच वाटेवर भरतो, म्हणून ताई म्हणाल्या, "काका, बसा मागे. गुडघे मात्र कानाशी घ्यावे लागतील." ते खरोखरच घ्यावे लागले.

भाऊ उत्तम बोलत होता. "पुढे पाणी साचलंय. डावीकडे बसथांबा, माणसं उभी. पुलाचा लोखंडी सांधा, सरळ जातो." वेग बेताचा होता, हात स्थिर होते. ताई ऐकत होत्या. पोरगा पास झाला, असे मी मनात म्हटले.

पुलानंतर शाळेच्या भिंतीशी एक वळण आहे. ते दिसण्याआधीच भाऊ म्हणाला, "वळणावर ओली पानं, डावीकडे."

ताईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिले.

वळणावर एकही पान नव्हते. कोणीतरी सगळी झाडून नेली होती. एका बांधकामावरून निघालेल्या ट्रकने मात्र रस्त्याच्या मधोमध चिखल सांडून ठेवला होता, आणि त्याविषयी भाऊ काहीच बोलला नाही. नसलेली पाने टाळण्यासाठी त्याने गाडी उजवीकडे घेतली, ती थेट त्या चिखलावर. गाडीचा मागचा भाग सरकला. शाळेची भिंत माझ्या खिडकीकडे चालून येऊ लागली.

"ब्रेक नको," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "पाय हळू उचल. जायचंय तिकडे बघ. तिकडे."

गाडी एकदा डुलली आणि सरळ झाली. भावाने ती कडेला उभी केली.

"सावरली की नाही?" तो म्हणाला.

"सावरलीस. पानं कुठे होती?"

"काल होती ना!"

"आज?"

"ताई, रोज हाच रस्ता चालवतोय मी. तोंडपाठ झालाय."

"तेच म्हणतेय मी. तू बघत नव्हतास रे, पाठ म्हणत होतास."

मागे बसून मी ओशाळलो. वर्गात पहिला धडा मी न अडखळता म्हणत असे. एकदा शिक्षिकांनी मधल्याच एका शब्दावर बोट ठेवले, तेव्हा तो कोणता, हे मला सांगता आले नव्हते.

ताईंनी मालकांना नकार कळवला. मालक चकित झाले. "सख्खा भाऊ ना तुमचा?"

"हो. म्हणून दोनदा विचार केला. उत्तर तेच आलं."

घरी जे झाले, ते ताईंनीच मला सांगितले. भाऊ ताटावरून उठला. आई म्हणाली, "परक्यानंसुद्धा सांभाळून घेतलं असतं गं. गाडीला ओरखडा नाही, आणि तू त्याच्या पोटावर पाय देतेस?" मुलीकडच्यांनी लग्न पुढे ढकलले. भाऊ पुन्हा टायरच्या दुकानात गेला. ताई तेथून जाताना हाक मारतात. तो टायरमध्ये डोके घालतो.

"पुन्हा शिकवाल का त्याला?" मी विचारले.

"येऊ दे की. रोज वेगळ्या रस्त्यानं शिकवीन. पण आधी यायला तर हवा."

त्यानंतर फाटकातून गाडी नेताना ताईंच्या बोलण्यात मी एक बदल पाहिला. पूर्वी त्या सलग बोलत. आता मध्येच थांबतात, आणि मग बोलतात.

एके सकाळी रस्ता भिजलेला होता. ताई एक गाडी घेऊन फाटकाशी आल्या, थांबल्या आणि त्यांनी काच खाली केली.

"काका, आत्ता मी म्हणाले, 'डावीकडे काका.' आणि म्हणून झाल्यावर तुमच्याकडे पाहिलं."

मी डावीकडेच, नेहमीच्या खांबाशी उभा होतो.

"भावाला ज्याच्यासाठी नाही म्हटलं, तेच केलं मी," त्या म्हणाल्या. "एक काम कराल का माझं? उद्यापासून रोज याच खांबाशी उभे राहू नका. कधी इकडे राहा, कधी तिकडे. मला तुम्हाला शोधावं लागू दे."