टाकणखार खराच होता

बाजारामागच्या गल्लीत एक बाई कपडे अल्टर करून द्यायची. चेन बदलणं, उंची कमी करणं, कंबर आत घेणं. सगळे तिला काकू म्हणत. नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला होता. खायला पुढे, बोलायला मागे.

त्या वर्षी घरात मुंग्या झाल्या. स्वयंपाकघरात ओट्यावर एक रांग, बाथरूममध्ये दुसरी. शेजारणीने उपाय सांगितला. साखरेच्या पाण्यात टाकणखार कालवायचा आणि त्यात भिजवलेले कापसाचे बोळे कोपऱ्यात ठेवायचे. मुंग्या ते पाणी घरी नेतात आणि सगळा कुटुंबकबिला आटोपतो.

काकूने किराणा दुकानातून टाकणखाराची पुडी आणली. मुंग्या आठ दिवस पाहुण्यांसारख्या जेवल्या आणि दुप्पट झाल्या. तेव्हा ती पुडी घेऊन चार दुकानं पलीकडच्या सोनाराकडे गेली. दागिन्याचा सांधा जोडायला डाग देताना तो टाकणखारच वापरतो, हे तिला ठाऊक होतं. सोनाराने चिमूटभर पूड कोळशावर टाकून ज्योत धरली. पूड तडतडत उडाली. मीठ आहे, असं म्हणून त्याने स्वतःच्या डब्यातले दोन खडे दिले आणि अन्नापासून लांब ठेवायला बजावलं.

चार दिवसांत ओटा स्वच्छ झाला. बाथरूममधली रांग मात्र हटेना. मुंग्या बोळ्याला वळसा घालून थेट मोरीच्या कडेला जात. काकूला वाटलं, सोनारानेही फसवलं. तणतणतच ती परत गेली.

सोनाराने वाद घातला नाही. तिच्यासमोर तोच टाकणखार कोळशावर टाकला. तो लाहीसारखा फुगला, मग वितळून काचेच्या मण्यासारखा गोल झाला.

"माल खरा आहे, काकू," तो म्हणाला. मग ज्योत बंद करून त्याने हळू आवाजात विचारलं, "बाथरूममध्ये गोड काय आहे?"

ती हसायला गेली, पण त्याचा चेहरा पाहून थांबली. त्याच्या वडिलांच्या लघवीलाही अशाच मुंग्या लागल्या होत्या, असं त्याने सांगितलं.

घरी येताना तिला एकेक आठवू लागलं. नवरा हल्ली तांब्यावर तांब्या पाणी पीत होता. त्याच्या पँटची कंबर तिने स्वतःच्या हाताने वर्षात दोनदा आत घेतली होती, आणि वर बारीक झालात म्हणून कौतुकही केलं होतं.

दुसऱ्याच दिवशी तिने त्याला दवाखान्यात नेलं. साखर चारशेच्या वर निघाली. डॉक्टरांनी बूट काढायला लावले. मोजा बोटाला चिकटला होता. मोज्याखालचं बोट काळं पडलं होतं आणि दुखत नसल्याने नवऱ्याला त्याचा पत्ताच नव्हता. आठवडाभरात ते बोट काढावं लागलं. आणखी पंधरा दिवस गेले असते तर पाऊल गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

नवरा घरी आला, हळूहळू कामावरही जाऊ लागला. रोज सकाळी काकू त्याला खिडकीशी बसवून दोन्ही तळवे नीट पाहते. परवा धडधाकट पायाच्या टाचेला तिला एक फोड दिसला, रुपयाएवढा. तिने बोटाने दाबून पाहिला.

"दुखतं का?"

"नाही," तो पेपरातून मान न काढता म्हणाला. "काहीच नाही."

काकूने शिलाई मशीनवर झाकण घातलं आणि त्याची दवाखान्याची फाइल शोधायला उठली.