वाढवलेला वेग

शरणू कीबोर्ड वाजवतो, मी कॉम्प्युटरवर गाणी कापतो-जोडतो. बसवकल्याणात आम्ही दोघं वरातींसाठी रिमिक्स अल्बम करतो. नाचणारे गाणी विसरून जातात, पण आपली कुठं फजिती झाली ते आमच्या बरोबर लक्षात राहतं. म्हणून किस्से साठतच जातात.

*

शरणू एकदा हैदराबादच्या क्लबात जाऊन आला. बंद हॉलात, अंधारात, ओळखपाळख नसताना लोक कसे नाचतात, ते भारावून सांगत होता. त्याची आई, अव्वा, भाकरी थापत ऐकत होती. म्हणाली, "अंधारात नाचायलेत? मग पाव्हण्यांना दिसंल कसं?"

आम्ही पोट धरून हसलो. पण पुढच्या वरातीला गाडीवर चार दिवे जास्तीचे लावले!

*

नवरा उमरग्याचा, नवरी भालकीची. एका बाजूला मराठी गाणं हवं, दुसरीला कन्नड. आम्ही शहाणपणा करून एकाच ठेक्यावर दोन्ही एकाआड एक बसवली. दोन्हीकडचे पाहुणे रुसले. समोरच्यांचं जास्त वेळ वाजलं म्हणे! मोजून पाहिलं तर सारखंच होतं. दुसऱ्याचं गाणं लांबच वाटतं, हे मला तेव्हा कळलं.

*

आमची एक खोड आहे. कुठलंही गाणं हातात आलं की आधी त्याचा वेग वाढवायचा. संथ गाण्यावर वरात पुढं सरकत नाही. वेग वाढला की गाणाऱ्याचा आवाज बारीक होतो, पण नाचणाऱ्यांना कुठं फिकीर!

शरणूचे वडील, अप्पा, मठात भजन म्हणायचे. ते भजन फोनवर रेकॉर्ड करून, त्यांना न विचारता आम्ही अल्बमात घातलं. अप्पांनी ते भर बाजारात ऐकलं. घरी येऊन एवढंच म्हणाले, "माझं भजन कामून नाचवायलास?" नंतर दोन वर्षं ते शरणूशी बोलले नाहीत. चूक माझीही होती, आणि ती मला अजून खाते.

*

मग अप्पांच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज कायमचा गेला. आता ते पाटीवर लिहून बोलतात.

शरणूला त्यांचा आवाज घरात जपून ठेवायचा होता. मूळ रेकॉर्डिंग मी फोन भरला म्हणून कधीच पुसलं होतं. उरलं होतं फक्त रिमिक्स. वेग कमी करून पाहिला, तर आवाज फाटला. ठेका काढायला गेलो, तर शब्दच गेले. शेवटी एका दुपारी शरणूनं आहे तसंच घरात लावलं. ढोल सुरू झाला, वर अप्पांचा तो बारीक आवाज.

शरणूला ऐकवेना. "चुकलं, अप्पा. बंद करतो," म्हणाला.

अव्वानं त्याचा हात धरला. "ऱ्हाऊ दे. आमचं लगीन झालं तवा ह्यांचा आवाज असाच व्हता."

 अप्पांनी पाटी ओढून शरणूसाठी लिहिलं, "दार उघड. गल्लीला ऐकू दे."