वारुळात घुसलेलं केर्न टेरियर

सत्तेचाळीस साली साहेब लोक विलायतेला परत निघाले, तेव्हा पलटणीतल्या मेजरसाहेबानं आमच्या मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, आपलं कुत्रं देऊन टाकलं. द्यायचंच होतं तर एखादं घड्याळ द्यायचं! मालक ते कोरेगावजवळच्या आमच्या घरी घेऊन आले, माझ्या गळ्यात मारलं आणि पुन्हा पलटणीत गेले. जाताना म्हणाले, "साहेबाला शब्द दिलाय. जप त्याला."

जातीचं केर्न टेरियर. उंची जेमतेम वीतभर, वाळक्या गवताच्या रंगाचे पिंजारलेले केस, आखूड पाय आणि ऐट मात्र सुभेदाराची. विलायतेत ही जात दगडांच्या कपारीत शिरून कोल्हे हुसकावते म्हणे. आमच्याकडे त्यानं उसाचा बांध उकरला, चुलीपुढची जमीन उकरली, तुळशीलाही सोडलं नाही. एकदा बिळात डोकं घातलं की हाका मारून घसा बसला तरी ऐकत नसे. शेपटी धरूनच ओढावं लागे. ती मात्र मुळ्यासारखी जाड होती.

सासूबाईंनी शेवटचं बजावलं, "पंचमीला ह्यानं माती उकरली, तर बाजारात सोडून यीन. मग नवऱ्याला काय सांगायचं ते तुझं तू बघ." नागपंचमीला आमच्याकडे नांगर चालत नाही, विळी नाही, तवाही चढत नाही. आणि ह्या प्राण्याचा तर जन्मच उकरण्यासाठी! मी त्याला सकाळीच खांबाला बांधलं, चांगल्या दोन गाठी मारून.

आम्ही बायका शेताच्या कडेच्या वारुळाला गेलो. सासूबाईंनी दूध ओतून डोळे मिटले, तोच तुटका दोर ओढत स्वारी आली आणि थेट वारुळात घुसली. माती माझ्या नव्या लुगड्यावर, लाह्या चिखलात. मी पदर खोचून शेपटी धरली, मला मागून जावेनं धरलं. ओढलं, तर कुत्रं बाहेर आलं आणि त्याच्या तोंडात मांजराएवढी घूस!

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सासूबाई वीस वर्षं त्या वारुळाला दूध घालत होत्या. खरं सांगते, तोवर त्या दांडगोबावर माझा जीव जडला होता. "आवं आत्याबाई, त्याला कळतीया व्हय पंचमी?" मी रडतच सासूबाईंना म्हटलं.

सासूबाईंनी घुशीकडे पाहिलं, मग एकेका बाईकडे. "माती न्हाई उकरली त्यानं," त्या करड्या आवाजात म्हणाल्या. "घुशीनं देवाचं घर बळकावलं हुतं, ते मोकळं क्येलं. चला घरला. आन् हितलं कोण गावात बोललं, तर तिच्या दारात ह्याला बांधीन."