अनोळखी नावाची पुस्तकं

"कोन हाय ह्यो?"

पिठाचा हात पदराला पुसून आमच्या कॅन्टीनच्या मावशी स्वतःचा मोबाईल माझ्याकडे द्यायच्या. मी पुस्तकं वर सरकवत जायचो आणि एकेका मुखपृष्ठावर बोट ठेवून त्या हे विचारायच्या. मी म्हणायचो, कोण जाणे, नाव कधी ऐकलेलं नाही. की त्यांचा निकाल तयार.

"ठावं न्हाई ना? मग घ्या."

ही पुस्तकं तुम्हीही पाहिली असतील. मोबाईलवर चहा-भज्यांच्या किमतीत मिळतात. वर कुठल्यातरी पाठमोऱ्या बाईचं चित्र, आत शुद्धलेखनाचे हाल, आणि लेखकाला त्याच्या गल्लीतलं कुत्रंही ओळखत नसावं. कंपनीत वाचणारा माणूस म्हणून माझं जरा नाव आहे, त्यामुळे असली पुस्तकं घ्यावीत का, असं बरेच जण मला विचारतात. माझं उत्तर ठरलेलं असायचं, स्वस्त मिळतं म्हणून कुणी शिळं आणतं का? मावशींपुढे मात्र हे बोलायची सोय नव्हती.

सुप्याच्या आमच्या कारखान्यात मी स्टोअरला आणि मावशी कॅन्टीनला. भाकरी त्यांच्या हातची. मूळ गाव पाथर्डीकडचं. नवऱ्याबरोबर वर्षानुवर्षं श्रीगोंद्याकडे ऊसतोडीला जायच्या. नवरा वारल्यावर गावातलं घर बंद केलं आणि सुप्यात खोली घेतली. शिक्षण सातवीपर्यंत. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचायच्या. बोट जरा टेकलं की मोबाईलवरचं पान आपोआप उलटायचं, आणि मग मावशी त्या मोबाईलची सासू होऊन त्याला चांगलं झापायच्या.

हा नाद लागला तो मुलापायी. एकुलता एक. नगरला कॉलेजात होता, गोष्टी लिहायचा. बापाला, त्याच्या अण्णाला, ते खपत नव्हतं. एकदा भांडण टोकाला गेलं आणि बाप म्हणाला, लिहून पोट भरत असेल तर इथे जेवायला येऊ नकोस. पोरगा मानी निघाला, परत आलाच नाही. आईला त्याने एकच फोन केला आणि तो मावशींना तोंडपाठ होता. "आई, माझं पुस्तक मोबाईलवर येनार हाय. नाव दुसरंच टाकीन, आन्नाला कळाया नको." त्यानंतर तो नंबर कधी लागला नाही. पुढे बाप गेला. ते तरी त्याला कळलं की नाही, देव जाणे.

म्हणून मावशी अनोळखी नावाची पुस्तकं घ्यायच्या. ज्याचं नाव चार लोकांना ठाऊक आहे तो आपला नव्हे, एवढा साधा हिशोब. एकदा मी त्यांना एका नव्या लेखकाचं जरा महागातलं पुस्तक दाखवलं, तर मान हलवून म्हणाल्या, "न्हाई भाऊ. त्याला कोन देतंय येवढं?"

चांगलं काय, वाईट काय, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. शेअर बाजारात श्रीमंत कसं व्हावं हे एक पुस्तक त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, मध्येच कुठे घरची आठवण लिहिली असेल म्हणून. शेळीपालनाचं मात्र दोन पानांत बंद केलं, कारण त्यांच्या मुलाला शेळीचा वाससुद्धा सोसत नसे. एका खुनाच्या गोष्टीत खुनी माणसाचं नाव निम्म्यात बदललं होतं. मी पोट धरून हसलो. मावशींना हसू आलं नाही. म्हणाल्या, उपाशीपोटी लिहीत असंल बिचारा, ध्यान राहात नसंल.

त्या जे शोधायच्या ते वेगळंच होतं. प्रत्येक पुस्तकात आई कुठे आहे आणि कशी आहे, ते बघायच्या. आई मायाळू असली की दिवसभर खुशीत असायच्या, आमटीत डाळ जरा जास्त पडायची. आणि आई वाईट निघाली की संपलं. एका कादंबरीतली आई मुलाला चुलीतल्या लाकडाने मारते. त्या दिवशी मावशी जेवल्या नाहीत. भांडी घासता घासता मला म्हणाल्या, "मी आसं केलं हुतं का, भाऊ? मला तर याद न्हाई. पन त्याला आसंल." मी म्हटलं, अहो, हा कुणी भलताच लेखक आहे, नागपूरकडचा दिसतोय. त्यांनी मान डोलावली, पण त्यांना ते पटलं नव्हतं. आपल्यावर लिहिलेलं असो-नसो, जगातल्या सगळ्या वाईट आयांचं पाप त्या आपल्या अंगावर ओढून घेत होत्या आणि ते बघून माझा जीव तुटायचा.

मग मागच्या हिवाळ्यात ते पुस्तक सापडलं. पाच-सहा गोष्टींचं, बारकंसं. लेखकाचं नाव बिनआडनावाचं, बनावट वाटणारं. त्यातली एक गोष्ट ऊसतोडीला गेलेल्या मुलाची होती. आई फडात ऊस तोडायला जाते तेव्हा पोर गाड्याखाली जाऊ नये म्हणून त्याच्या पायाला जुन्या लुगड्याचा काठ बांधून त्याला कोपीच्या, म्हणजे पाचटाच्या झोपडीच्या, खांबाला अडकवून ठेवते.

दुपारची जेवणं उरकली होती. मावशी मोबाईल घेऊन माझ्यासमोर बसल्या. 

"ही मी हाय," त्या म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "पन आमच्यात समद्याच बाया बांधत्यात."

पुढचं त्यांना वाचवेना, म्हणून मी वाचून दाखवलं. मुलगा लिहितो, ती गाठ मला सोडता येत होती. फार लहानपणीच यायला लागली होती. पण सोडलेली दिसली तर आईचा फडात जीव लागणार नाही, म्हणून ती परत येईपर्यंत मी बांधलेलाच बसायचो.

मावशी रडल्या. तोंडात पदर कोंबून, आवाज न करता, खूप वेळ. त्या गाठीची लाज त्यांनी जन्मभर बाळगली होती, असं मला तेव्हा कळलं. मलाही रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

मी खूप खटपट केली. लेखकाचा फोटो नाही, पत्ता नाही, फोन नाही. विक्री करणाऱ्यांना विचारलं, तर लेखकाची माहिती देता येत नाही असं ठरावीक उत्तर. राहता राहिली पुस्तकाखालची अभिप्रायाची चौकट. ती कोरी होती. मी मावशींना म्हटलं, इथे लिहा, लेखक वाचतो. काय लिहू, म्हणून त्या दोन दिवस विचार करत होत्या. बाप गेला हे लिहावं का, मी विचारलं. तर म्हणाल्या, "नगं. तिथं एकटा वाचंल आन् एकटाच रडंल. आन् आपला नसला तर त्या लेकराला उगं घोर."

शेवटी एकेक अक्षर शोधत त्यांनी स्वतःच लिहिलं, "पुस्तक लई आवडलं. आई बरी हाय."

पुढे रोज जेवण वाढताना त्या माझ्याकडे बघायच्या आणि मी मान हलवायचो. काही आलेलं नसायचं. पुस्तकं घेणं त्यांनी थांबवलं. तेच एक पुन्हा पुन्हा वाचायच्या. तो आपलाच आहे, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. फक्त एकदा बोलता बोलता "आपला ल्येक" असं तोंडातून निघून गेलं आणि त्या तव्याकडे वळल्या.

पोटात दुखतंय हे त्यांनी फार उशिरा सांगितलं. नगरला दवाखान्यात नेलं तोवर डॉक्टरांच्या हातात काही राहिलं नव्हतं. मी भेटायला गेलो तेव्हा बोलायची ताकद नव्हती, पण नजर माझ्या मोबाईलकडे होती. मी खोटं बोललो असतो तर त्यांना खरं वाटलं असतं. मला जमलं नाही. दोन दिवसांनी त्या गेल्या. अग्नी दिराने दिला.

त्याच लेखकाचं दुसरं पुस्तक गेल्या महिन्यात आलं. किंमत तेवढीच. मी घेतलं. सुरुवातीला अर्ध्या पानाचं मनोगत आहे. त्यात तो लिहितो की पहिल्या पुस्तकाला एकच अभिप्राय आला, पुस्तक लई आवडलं, आई बरी हाय, एवढाच. लिहिणारं कोण ते माहीत नाही, पण वाचलं आणि माझीच आई बरी आहे असं वाटलं. खूप वर्षांत घरी गेलेलो नाही. जिवाला घोर होता, तो गेला. आता घाई नाही. तिसरं पुस्तक हातावेगळं करतो आणि मग आईकडे जातो.

कंपनीच्या बसमध्ये मी ते वाचलं आणि उतरायचं भान राहिलं नाही. ड्रायव्हरने हाक मारली.

अभिप्रायाची चौकट उघडून मी बसलो. तुझी आई गेली, असं लिहू? आणि तो मावशींचा नसला तर? कुण्या आईला मी जिवंतपणी मारून टाकू? बरं, काहीच लिहिलं नाही, तर तो तिकडे निवांत तिसरं पुस्तक लिहीत बसणार. शेवटी लिहिलं, "पुस्तक चांगलं आहे. तिसरं मागाहून लिहा. आधी घरी जाऊन या."

मावशींबरोबर इतकी पुस्तकं चाळली, तेव्हा प्रत्येक वेळी मनात म्हणायचो, देवा, हा त्यांचाच निघू दे. त्या दिवशी पहिल्यांदाच म्हटलं, हा त्यांचा नसू दे, दुसऱ्या कुणाचातरी असू दे.