ट्रकच्या पाट्याचा कोयता

यांना उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आला. पाय लवकर सावरला, बोलणंही सावरलं, उजवा हात मात्र मागं राहिला. मूठ अर्धीच वळायची. चहाचा कप उचलला की निम्मा चहा बशीत. व्यायाम शिकवायला घरी येणाऱ्या डॉक्टर मुलीनं एक हिरवा रबरी चेंडू दिला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "काका, हा रोज दाबायचा. सुरुवातीच्या या महिन्यांत हात जेवढा येईल तेवढा येईल. पुढं अवघड आहे." यांनी मान डोलावली. ती फाटकाबाहेर पडली आणि चेंडू औषधांच्या डब्यामागं गेला.

"मी काय लेकरू हाय का चेंडू खेळायला?" म्हणाले.

यांचं सगळं आयुष्य लातूरच्या डाळमिलमध्ये फिटर म्हणून गेलं. जो नट कुणाला हलायचा नाही, तो यांच्या हातानं हलायचा. अशा माणसाला रबरी चेंडू दाबायला सांगितला की अपमान वाटणारच, हे मला कळत होतं. पण अपमान गिळावा लागतो कधीकधी, आणि महिने काही कुणासाठी थांबत नाहीत. मी रोज चेंडू काढून यांच्यापुढं ठेवायची आणि हे रोज पेपर उघडून बसायचे.

तेवढ्यात पावसानं घरामागची मोकळी जागा माजली. कमरेएवढं गाजरगवत, त्यात घाणेरी, आणि कुंपणाच्या कोपऱ्यात वेडी बाभूळ. मी म्हटलं, एक माणूस लावून साफ करून घेऊ. यांच्या अंगात एकदम वारं शिरलं. "माणूस कशाला? एक चांगला कोयता आणतो."

जुन्या बाजारातल्या लोहारचाचांकडून यांनी ट्रकच्या पाट्याचा कोयता करून आणला. ट्रकच्या चाकावरची कमान असते, तिच्या पट्टीचं लोखंड. लांब, जड, टोकाला वळलेला. आणल्या आणल्या पात्यावर नखानं टिचकी मारून कानाशी धरला, मुठीवर सायकलची जुनी ट्यूब डाव्या हातानं गुंडाळली आणि जाहीर केलं, "आता याची परीक्षा."

परीक्षा कुणाची आहे हे मला ठाऊक होतं, यांनाही ठाऊक होतं. पण बोलायचं कोयत्याबद्दल, असं आमचं न बोलता ठरलं.

गाजरगवतात कोयता पास झाला. ते गवत तर काठीनंसुद्धा आडवं होतं. घाणेरीत पातं मुठीत फिरलं आणि घाव तिरपा बसला. बाभळीवर घातला तेव्हा कोयता फांदीवरून उडाला, हातातून सुटला आणि चिखलात जाऊन पडला. यांनी तो डाव्या हातानं उचलला, धारेवर बोट फिरवलं आणि निकाल दिला. "पाणी कमी दिलंय. लोखंड मऊ राहिलं."

आम्ही ऑटोनं लोहारचाचांकडं गेलो. त्यांनी कोयता पुन्हा तापवला, पाण्यात बुडवून पुन्हा पाणी दिलं. घरी येऊन परत तेच. आता म्हणे पाणी जास्त झालं, धार पिचतेय. परत ऑटो. तिसऱ्या खेपेला मूठ जाड निघाली. मला संताप येत होता. कोयत्याचे एवढे लाड चालले होते आणि चेंडू डब्यामागं धूळ खात होता. मी म्हटलं, "अहो, त्या कोयत्यापेक्षा हाताला जरा पाणी द्या." हे कोयता उचलून ऑटो बघायला गेले.

मूठ तासून घ्यायला गेलो तेव्हा हे शेजारच्या टपरीवर चहा सांगायला गेले. लोहारचाचा खालच्या आवाजात मला म्हणाले, "बाई, कोयत्यात खोट न्हाई. पर फिटरसाबला मी कसं म्हनू? हयातभर माझं लोखंड त्यांनीच पारखलं."

"मग तुम्ही दर वेळी तापवता कशाला?"

"ते आणतेत, म्हून तापवतो," एवढंच म्हणाले आणि कानस चालवायला लागले.

तरी माझ्या मनाचा एक कोपरा ऐकेना. लोहार आपल्या मालाला खोटं कशाला म्हणेल? आणि हे तर लोखंड ओळखणारे. कदाचित खरंच कोयता वाईट असेल. नवरात्रात आठव्या दिवशी दुपारी हे झोपले होते. मी पदर खोचला आणि कोयता घेऊन मागं गेले. माझं माहेर उदगीरकडचं, शेतातलं. कोयता मला नवा नाही. बाभळीची मनगटाएवढी फांदी डाव्या हातानं वाकवून धरली आणि घाव घातला. एका घावात फांदी खाली. कापलेली जागा पांढरीशुभ्र, सुरीनं मुळा कापावा तशी.

मी तिथंच उभी राहिले आणि मला रडू आलं. कोयता वाईट निघाला असता तर किती बरं झालं असतं. नवऱ्याचा हात गेला नाही, नुसतं लोखंड खोटं आहे, असं म्हणून मी आणखी दहा खेपा ऑटोनं गेले असते.

मग डोळे पुसले. फांदी ओढत नेऊन पाण्याच्या टाकीमागं टाकली, झाडावरच्या पांढऱ्या जागेला चिखल फासला, कोयता पुसून होता तिथं ठेवला. कुणाला काही कळण्यासारखं ठेवलं नाही असं मला वाटलं.

संध्याकाळी मला उपवास होता, पण यांच्यासाठी भाकरी करायची होती. पीठ मळायला घेतलं आणि तळहातात कळ गेली. काटा आत मोडला होता. दुपारी रडण्याच्या नादात कळलंच नव्हतं. मी दातानं काढायचा प्रयत्न करत होते, तोवर हे स्वयंपाकघराच्या दारात आले.

"काय करायलीस?"

"काही नाही. काटा गेलाय."

"आण इकडं."

देवघरातून सुई आणली, चष्मा लावला आणि माझा हात आपल्या उजव्या हातात घेतला. मूठ अर्धीच वळत होती, तरी माझी बोटं तिनं घट्ट धरली होती. डाव्या हातानं सुई चालवली. काटा निघायला वेळ लागला. निघाला तेव्हा यांनी तो बोटाच्या टोकावर घेऊन दिव्याखाली बघितला. बाभळीचा काटा ओळखायला काय लागतं?

मी खाली बघत बसले. मागं बाभळीपाशी कशाला गेले होते, याला सांगण्याजोगं दुसरं कारण मला सुचेना.

"कोयता कसा चालला?" यांनी विचारलं.

खोटं बोलावं असं फार वाटलं. बोथट आहे म्हणावं, फांदी तुटली नाही म्हणावं. पण एवढे दिवस सगळ्यांनी मिळून तेच तर केलं होतं.

"चांगला चालला," मी म्हटलं. "एका घावात."

"हाव," म्हणाले. माझा हात अजून यांच्या हातातच होता. मग काटा उंबऱ्याबाहेर टाकून आले आणि जेवायला बसले. भाकरी डाव्या हातानं मोडली. रात्री मला वाटलं, मी यांचा उरलासुरला धीर मोडला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी घरातली औजारं धुऊन मांडतात, हळदकुंकू वाहतात आणि त्यांना सुट्टी देतात. पूजेतलं औजार त्या दिवशी उचलायचं नसतं. मांडायचं काम दरवर्षी यांचंच. मी झेंडूची फुलं घेऊन येईपर्यंत पाटावर ओळ लागली होती. मिलमधले पाने, हातोडी, पकड, माझी विळी, माझा खुरपं घासायचा दगडसुद्धा, आणि शेवटी कोयता. कुंकू उजव्या हातानं लावलेलं दिसत होतं, कारण प्रत्येक टिळा वाकडा होता.

मी फुलं वाहायला वाकले. कोयत्याच्या पलीकडं हिरवा रबरी चेंडू होता. साबणानं धुतलेला, त्यावरही हळद, त्यावरही वाकडं कुंकू.

मी यांच्याकडं बघितलं. हे पाटाकडं बघत होते.

"आज त्याला हात लावायचा नाही बरं का," मी म्हटलं.

"ठाव हाय मला," म्हणाले. "उद्यापासून."

मी चेंडूला फूल वाहिलं. तो घरंगळू नये म्हणून यांनी कोयत्याच्या मुठीला टेकवून ठेवला होता.