कडुलिंबाखालची अॅम्बेसेडर

ड्रायव्हरांच्या खोलीत किस्से सांगायला म्हणून कोणी बसत नाही. साहेब मीटिंगमध्ये अडकतात, चहा गार होतो, आणि एकाचं संपायच्या आत दुसरा सुरू होतो. आदिलाबाद जिल्ह्याचे चार तुकडे झाले, त्या वर्षी तर आमच्या ऑफिसात किस्स्यांचा ढीग लागला. त्यातले बरेचसे आमच्यातल्या सगळ्यात जुन्या ड्रायव्हरच्या, नामदेवकाकांच्या गाडीचे. सुरुवातीला आम्ही हसतो, मग कोणीतरी उठून बाहेर जातो.

*

नवीन जिल्ह्यांना सामान वाटायचं होतं. टेबलं, कपाटं, पंखे... ठेवणार कुठं? गॅरेजमध्ये! मग काकांची जुनी काळी अॅम्बेसेडर ढकलत बाहेर काढली आणि कडुलिंबाखाली उभी केली. इंजिन कधीच बसलं होतं, पण रंग असा, की त्यात बघून भांग पाडावा.

"साहेब, उघड्यावर रंग जाईन तिचा," काका म्हणाले.

साहेब त्या दिवशी खुशीत होते. "रंग टिकवून दाखवा काका! गेटपाशी ओटा बांधू, शोभेला उभी करू!"

साहेब बोलले आणि जेवायला गेले. काकांनी मात्र तो हुकूमच धरला.

*

कडुलिंबावर बगळ्यांची वस्ती. सकाळी गाडीचा टप पांढरा! एकदा आमच्यातला रफीक मदतीला गेला आणि खांद्यावरच्या रुमालानं खसाखसा पुसायला लागला. काका चहा टाकून धावले.

"कोरडा फडका काऊन लावून राह्यला बे! रेघोट्या पडते ना!"

मग त्यांनी कापड ओलं करून डागावर ठेवलं आणि डाग सुटायची वाट बघत शेजारी बसले. लेकराच्या तापल्या कपाळावर पट्टी ठेवून बसावं तसे.

"चाचा, गाडी है के मरीज?" रफीकनं विचारलं.

काकांनी कापड परत बादलीत बुडवलं.

*

पावसाळा आला तसं सगळ्यांनी मिळून कव्हर करायचं ठरवलं. आम्ही सगळे कापूस पिकवणारे, आमच्या घरी दुसरं असतं काय? युरियाची रिकामी पोती! आमच्यातल्या बेला गावच्या गजाननानं घरूनच शिवून आणलं. झटकलं होतं म्हणे, पण धुतलं नव्हतं. दोन दिवस झड लागली. कव्हर उचललं तर बॉनेटभर पांढुरके चट्टे.

"कापसाच्या पऱ्हाटीले टाकतो थे खत गाडीले टाकलं का रे?" रफीकनंही आमचीच बोली काढली. आम्ही हसलो.

काका त्या दिवशी जेवले नाहीत. चार-सहा आठवडे एकटेच पॉलिश घासत होते. चट्टे गेले, पण काकांचा खांदा कायमचा धरला.

मला राग आला. "काका, सरकारी गाडी आहे. जाऊ द्या ना चुलीत!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी परत तसं बोललो नाही.

*

मग गजाननानं सांगितलं. काकांची बायको, रुखमाबाई. नागपूरच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, तेव्हा त्या वेळच्या साहेबांनी हीच गाडी दिली होती. मागच्या सीटवर डावीकडे त्या आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "घर आलं का उठवजा मले." पैनगंगेच्या पुलावर त्या गेल्या. काकांना आरशात कळलं. त्यांनी गाडी थांबवली नाही, सरळ दारात आणून लावली. पण मागचं दार उघडायला ते उतरलेच नाहीत. शेजारच्यांनी उघडलं.

पोत्यांच्या त्या प्रकारानंतर काकांनी ट्रंकेतली रुखमाबाईंची लुगडी काढली आणि नव्या ताडपत्रीला आतून अस्तर लावलं. मऊ, धुऊन धुऊन विरलेलं सुती कापड. त्याचा ओरखडा उठत नाही. रोज दुपारी ते कव्हर काढून वाळवायचे, संध्याकाळी परत घालायचे. पोरीनं विचारलं, "बाबा, मायची लुगडी गाडीले?"

काका म्हणाले, "तिच्यासाठीच त आहे."

*

मग साहेबांची बदली झाली. नवीन साहेबांना ओट्याचं काही ठाऊक नव्हतं. वाटणीत गाडी एका नव्या जिल्ह्याच्या वाट्याला गेली. तिथले लोक म्हणाले, आम्हाला बसायला जागा नाही, गाडी कुठं ठेवायची? परस्पर भंगारात काढा! जिनं तो जिल्हा कधी पाहिला नाही, त्या गाडीचा फैसला तिथून झाला.

क्रेन आली. कबाडीवाल्यानं बॉनेटवरून तळवा फिरवला.

"चाचा, पेंट तो शोरूम का है! पर क्या करें, हमको तो काटना है."

काकांनी मान डोलावली. बादली आणली, फडकं ओलं केलं आणि टपापासून खालपर्यंत सगळी गाडी पुसली. क्रेनवाला हॉर्न वाजवायला लागला. रफीकनं त्याच्या काचेवर थाप मारली, "रुक ना भाई!"

काकांनी फडकं पिळून खांद्यावर टाकलं. मागचं डावं दार उघडलं आणि आत हात दिला.

"उतर वं रुखमा," ते म्हणाले. "घर आलं."