लांबूनच्या नावावरचा विक्रम

उंची बेताची, पण माणसाचं नाव 'लांबून'. आईवडिलांनी बरं नाव ठेवलं होतं, ते कॉलेजच्या बास्केटबॉल टीमनं खाऊन टाकलं. चेंडू हातात आला की हा आधी "लांबून!" असं ओरडायचा आणि मग तीन पॉइंटच्या रेषेबाहेरून फेकायचा. म्हणजे चोरानं बेल वाजवून घरात शिरावं, त्यातला प्रकार. समोरच्या टीमला कळायचं, पंचांना कळायचं, बाहेर सायकली लावणाऱ्या वॉचमनलाही कळायचं. तरीही काही चेंडू जाळीतून जायचे, आणि ते जाताना असे देखणे जायचे की लोक हुकलेले सगळे विसरून जायचे. निदान लांबून तरी विसरायचा.

कॉलेज संपलं, पदवी कपाटात गेली आणि लांबून वडिलांच्या सलूनमध्ये खुर्चीमागे उभा राहिला. हात चांगला होता. कानामागची रेघ अशी सरळ काढायचा की गिऱ्हाईक आरशाकडे पाठ करून छोट्या आरशात तिच्याकडे बघत बसायचं. पण सलूनची खरी ओळख वेगळीच. मधल्या आरशाच्या डोक्यावर एक फ्रेम होती. तिच्यात कॉलेजच्या जिमखान्यातल्या फळ्याचा फोटो होता. फळ्यावर रंगानं लिहिलेलं: 'तीन पॉइंटची सर्वाधिक बास्केट'. त्याखाली तीन नावं, आणि तिसरं नाव याचं.

दाढीला बसलेल्या प्रत्येकाला या फ्रेमची कथा ऐकावी लागे. मानेवर वस्तरा टेकलेला असताना "पुरे झालं आता" असं म्हणायची हिंमत कोण करणार? लोक डोळ्यांनीच "मग पुढे?" विचारायचे. काहींनी घरी दाढी करायला सुरुवात केली.

"तिसरा म्हणजे काय कमी?" लांबून साबण फेसाळत म्हणायचा. "एवढी वर्षं झाली, एवढी पोरं आली, खेळली, गेली. कुणाची टाप झाली नाही आपल्याला हलवायची."

त्याची बायको हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढायची. माणसांच्या आत काय आहे ते दिवसभर बघून तिला बाहेरच्या दिखाव्याचं कौतुक उरलं नव्हतं. "अहो, तिसऱ्या नंबरचे विश्वविजेते," ती म्हणायची, "बेसिनचा नळ गळतोय. त्याचाही काही विक्रम व्हायच्या आत बघा."

कथेत एक भाग लांबून कधी सांगायचा नाही. तो भाग म्हणजे शिडी.

शिडी त्यांच्या टीमचा सगळ्यात उंच गडी, आणि एके काळी लांबूनचा जिवलग. दोघं एका डब्यात जेवायचे. पुढे आंतरकॉलेज स्पर्धेची फायनल आली. टीम एका पॉइंटनं मागे, शिट्टी वाजायला क्षण उरलेले, चेंडू लांबूनच्या हातात. शिडी बास्केटखाली एकटा, दोन्ही हात वर करून, जीव तोडून चेंडू मागत होता. लांबून ओरडला, "लांबून!" चेंडू रिंगवर आपटला, काठावर जरा रेंगाळला आणि बाहेर पडला. कप गेला.

"मी मोकळा उभा होतो आणि यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही," शिडी जगाला सांगत सुटला.

"परत आलेला चेंडू धरणं हे याचं काम," लांबूननं उलट सांगितलं. "ते सोडून हा हात वर करून बस थांबवल्यासारखा उभा!"

तेव्हापासून बोलणं बंद. शिडीनं पुढे ड्रायव्हिंग स्कूल काढलं. एवढा ताडमाड माणूस इवल्याशा गाडीत शिकाऊंच्या शेजारी गुडघे छातीशी घेऊन बसायचा. सलूनसमोरच सिग्नल होता. रोज तिथं त्याची गाडी थांबायची, शिकाऊ पोरगी गाडी बंद पाडायची, मागचे हॉर्न वाजवायचे, आणि तेवढा वेळ शिडी सलूनकडे पाठ करून उजवीकडे बघायचा तर लांबून आरशात. लांबूनच्या मनात येई, दाढी करायला तरी इकडे यावं या माणसानं. शिडीला पुढे टक्कल पडलं तेव्हा लांबूनला पहिल्यांदा आनंद झाला आणि लगेच वाईट वाटलं, कारण केस कापायला येण्याची उरलीसुरली आशाही गेली.

मग एक दिवस फोन आला. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम बोलत होत्या. कॉलेजला पन्नास वर्षं झाली म्हणून त्यांनी जुन्या मॅचचे सगळे स्कोअर तपासून टीमच्या विक्रमांचं पुस्तक केलं होतं. "समारंभाला या," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या नावावर एक विक्रम आहे. पहिल्या क्रमांकाचा. खूप मोठ्या फरकानं."

लांबूनच्या हातातली कात्री थांबली. खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्याच केसांनिशी तसंच राहिलं.

"पहिला!" संध्याकाळी घरात पाऊल टाकताच तो ओरडला. "म्हणत नव्हतो मी? मोजताना घोळ झाला होता. तिसरा नाही, पहिला!"

"कसला विक्रम ते विचारलंत का?" बायकोनं विचारलं.

"विचारायचं काय त्यात? मी काय पोहण्याच्या टीमात होतो?"

पुढचे दिवस सलूनमध्ये नुसता उच्छाद. कोट शिवून झाला. भाषण तयार झालं, तेही प्रत्येक गिऱ्हाइकाच्या टाळूवर पाठ करून. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला तर ते इतकं तोंडपाठ झालं की लांबून मध्येच अडखळला की पुढचं वाक्य तोच सांगायचा.

समारंभ जिमखान्यातच होता. लाकडी जमिनीवर ओरखडे पडू नयेत म्हणून खुर्च्यांखाली सतरंज्या घातलेल्या. पॉलिशचा नवा वास आणि खाली दबलेला घामाचा जुना. लांबून बायकोला घेऊन पुढच्या रांगेत बसला. त्याच रांगेच्या दुसऱ्या टोकाला शिडी होता, पाय कुठं ठेवावेत या विवंचनेत. दोघांनी एकमेकांना अगदी व्यवस्थित पाहिलं नाही.

मॅडम माइकपाशी आल्या. बाई काटक, आवाज खणखणीत, आणि विनोद करण्याचा कसलाही हेतू नाही. तेच वाईट झालं. 'तीन पॉइंटची सर्वाधिक बास्केट' या यादीपासून त्यांनी सुरुवात केली. पहिलं नाव दुसऱ्याचंच. दुसरंही. तिसरंही. लांबूनचं नाव पाचवं आलं.

"फळ्यावर हे तिसरे होते," मॅडम म्हणाल्या, "कारण यांच्यानंतर फळा रंगवणारे पेंटर निवृत्त झाले, आणि कुणाला दुसरा पेंटर बोलवायचं सुचलं नाही."

बायकोनं पदरानं तोंड झाकलं. खांदे हलत होते. ती रडत नव्हती.

"मात्र," मॅडम पुढे म्हणाल्या, "एका यादीत यांच्या जवळपासही कुणी नाही. रेषेबाहेरून सर्वाधिक हुकलेले चेंडू."

जिमखाना असा हसला की छपरातली कबुतरं उडाली. लांबून उठला. पाय आपोआप स्टेजकडे चालले, कारण नवा कोट घालून माणूस पळून तरी कुठं जाणार? जन्मभर लोकांची हजामत केलेल्या माणसाची त्या दिवशी अशी बिनपाण्यानं झाली. कुणीतरी शाल घातली, हार घातला. पाठ केलेल्या भाषणातलं एकही वाक्य उपयोगाचं उरलं नव्हतं.

तेवढ्यात मॅडमनी पुढचं नाव वाचलं. "रिंगवरून परत आलेले चेंडू सर्वाधिक वेळा पकडणारा खेळाडू." शिडी. शिडी ऐटीत स्टेजवर चढला. लांबूनच्या शेजारी उभा राहिला तेव्हा त्याचं कोपर लांबूनच्या कानाशी आलं.

"हा विक्रम बहुधा कधीच मोडणार नाही," मॅडम म्हणाल्या. "कारण यांनी पकडलेल्या चेंडूंपैकी निम्म्याहून अधिक या शेजारच्या गृहस्थांनी हुकवलेले आहेत. एवढा हुकणारा खेळाडू पुन्हा मिळणं कठीण."

शिडीचा चेहरा उतरला. आता लांबूनला वाचा फुटली. "ऐकलंस?" तो म्हणाला. माइक चालू आहे हे त्याच्या ध्यानात नव्हतं. "तुझा हार माझ्यामुळे आहे. अर्धा काढून दे."

"तुझ्यामुळे कप गेला!" शिडी वरून कडाडला. "मी खाली मोकळा होतो!"

"तुला दिला असता तर तू टाकला असतास का?"

"डोळे मिटून!"

"डोळे मिटूनच टाकायचास तू नेहमी!"

समोर कॉलेजची दोनतीनशे पोरं, प्राचार्य, पाहुणे. दोन प्रौढ माणसं गळ्यात हार घालून हमरीतुमरीवर आलेली. प्राचार्यांनी मॅडमकडे केविलवाणं पाहिलं. मॅडमनी चष्मा सावरला आणि पुस्तकाचं एक पान उघडलं.

"याचं उत्तर देता येईल," त्या शिडीला म्हणाल्या. "तुम्ही अगदी बास्केटखालून टाकलेले चेंडू जितक्या प्रमाणात जायचे, तितक्याच प्रमाणात यांचे लांबून जायचे. फरक नावाला."

"म्हणजे?" दोघांनी एकदमच विचारलं.

"म्हणजे तुमच्यापैकी कुणीही टाकला असता तरी बहुधा हरलाच असतात."

लांबूननं वर बघितलं, शिडीनं खाली. एवढी वर्षं जिवापाड सांभाळलेलं भांडण असं कुणी भर सभेत फुकटात सोडवून टाकावं, याचा दोघांनाही सारखाच राग आला होता.

"खालून सुद्धा?" लांबूननं हळूच विचारलं.

"गप रे," शिडी म्हणाला, आणि त्याला हसू फुटलं. ते सुरू झालं ते थांबेना. लांबूनही हसत सुटला, इतका की हार गळ्यातून सुटून पडला आणि शिडीनं तो वरच्या वर झेलला. त्यावर पोरांनी खुर्च्या बडवल्या.

चहाच्या वेळी दोघं भिंतीशी उभे होते. शेवटी शिडी म्हणाला, "समोर सिग्नलला गाडी बंद पडते ना, दर वेळी पोरीच पाडत नाहीत. कधी कधी मीच ब्रेक दाबतो." लांबूननं कपात बघत मान हलवली. "कळायचं मला," तो म्हणाला.

आता शिडी आठवड्यातून दोनदा दाढीला येतो आणि मानेवर वस्तरा असतानाही वाद घालतो. असा तो एकटाच. जुनी फ्रेम लांबूननं उतरवली, पण विक्रम सोडला नाही. हुकलेल्या चेंडूंची यादीही फळ्यावर रंगवा म्हणून तो प्राचार्यांच्या मागे लागला. "मुलांपुढे चुकीचा आदर्श नको," असं प्राचार्य म्हणाले. लांबून रोज जाऊन बसू लागला, आणि बसल्या बसल्या प्राचार्यांच्या कल्ल्यांकडे असा बघायचा की ते अस्वस्थ व्हायचे. अखेर नवा पेंटर आला. आगीच्या बादल्यांशेजारी, अगदी खालच्या ओळीत, लांबूनचं नाव लागलं. पहिलं.

सध्याच्या टीममध्ये एक पोरगा आहे, बेधडक, कुठूनही फेकतो. तो ज्या वेगानं हुकतोय, त्या वेगानं शेवटच्या वर्षापर्यंत लांबूनला गाठेल, असं मॅडम म्हणतात. त्यामुळे लांबून एकही मॅच चुकवत नाही. बायकोही येते, शिडीही. पोराचा चेंडू हवेत गेला की लांबून खुर्चीवरून उठतो, मुठी आवळतो, आणि तो जाळीतून गेला की सगळ्यांत मोठ्यांदा ओरडतो.

"बघा," शेजारचे एक पालक परवा कौतुकानं म्हणाले, "किती निर्मळ मन! दुसऱ्याच्या पोराचं एवढं कौतुक."

"हो ना," बायको म्हणाली, आणि शेंगदाण्याची पुडी शिडीकडे सरकवली.